चालू इंजिनाला पुन्हा सेल्फ

हल्लीच्या गाड्यांची इंजिनं इतकी शांत, की एसी आणि गाणी लावून बसलं की इंजिन चालू आहे की बंद हे कळतच नाही. हात चावीकडे जातो आणि बॉनेटखालून ‘कर्रर्र’ असा अंगावर काटा आणणारा आवाज येतो.

सेल्फच्या, म्हणजे स्टार्टर मोटरच्या टोकाला जेमतेम 9-10 दातांचं पिनियन असतं. चावी फिरवली की ते पुढे सरकून फ्लायव्हीलच्या शंभराहून अधिक दातांच्या कड्यात अडकतं आणि इंजिन फिरवतं. पण कडं आधीच मिनिटाला 800 फेऱ्या मारत असेल, तर दात बसतच नाहीत. नुसत्या कडा तासल्या जातात. एखाद्या वेळी झालं तर घाबरू नका, पिनियन ताबडतोब मागे येतं.

इंजिन सुरू झाल्यावरही चावी धरून ठेवणं जास्त वाईट. दात अडकलेलेच असतात आणि आता इंजिनच पिनियनला पिटाळतं, मिनिटाला 8-10 हजार फेऱ्यांनी. मोटर तरते ती सायकलच्या फ्रीव्हीलसारख्या, एका दिशेनेच पकडणाऱ्या क्लचमुळे. (गॅरेजात यालाच सर्रास बेंडिक्स म्हणतात.) हा क्लच घसरू लागला की सेल्फ नुसता घरघरतो, इंजिन ढिम्म.

बटणाच्या बहुतेक गाड्यांत ही भानगड नाही. इंजिन चालू असताना कॉम्प्युटर सेल्फ लागूच देत नाही.

चावीवाल्यांनी मात्र आवाज वारंवार येत असेल तर टाळाटाळ करू नये. पिनियन बदलणं किरकोळ काम. कड्याचे दात गेले, तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.