फळ्यावरचे ओपन सोर्स

ओपन सोर्स म्हणजे फुकटचे सॉफ्टवेअर, हा शिक्षकांमधला सर्वांत रुळलेला गैरसमज. व्हॉट्सअ‍ॅपला पैसे पडत नाहीत, तरी ते कसे लिहिले आहे हे कंपनीबाहेरच्या कोणाला पाहता येत नाही. उलट रेड हॅट ही कंपनी लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीच्या देखभालीची वर्गणी घेत इतकी वाढली, की आयबीएमने २०१९ मध्ये ती सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. तेव्हा किंमत हा निकषच नव्हे. या घोळाचा थोडा दोष इंग्रजीकडे जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा ‘फ्री सॉफ्टवेअर’चा प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांना ‘फ्री’ या शब्दातून स्वातंत्र्य सांगायचे होते, पण लोकांनी त्याचा अर्थ विनामूल्य असा घेतला. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ मध्ये पुढे आले. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन वेगळे शब्द असूनही गोंधळ मात्र तसाच उतरला.

खरा निकष फळ्यावर दोन चौकोनांत दाखवता येतो. पहिल्यात सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर. दुसऱ्यात त्याचे संगणकाला चालवता येईल असे रूप. बंद सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाच्या हाती दुसरा चौकोन येतो. ओपन सोर्समध्ये पहिलाही मिळतो आणि त्यासोबत तो वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व वाटण्याची परवानगी मिळते. दोन चौकोनांमधला बाण एकाच दिशेने काढावा. थालीपीठ समोर आले तरी भाजणीतली धान्ये वेगळी काढता येत नाहीत. तयार सॉफ्टवेअरवरून मूळ मजकूरही तसाच परत मिळत नाही.

‘उघडे आहे म्हणजे कोणीही येऊन काहीही बदलतो’ हा समज फुकटपणाच्या समजाहून चिवट आहे. प्रत्यक्षात वाचायला सगळ्यांना मोकळीक असते, मूळ प्रतीला हात लावण्याचा अधिकार मात्र मोजक्यांकडेच असतो. ठाण्यातल्या बाळकुमच्या शाळेत हे समजावायचे तर चित्र रस्त्यावरच आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या कामासाठी बाळकुम नाक्याच्या रस्त्यात पत्रे ठोकून जागा वेगळी काढली गेली. आत खांब उभे राहत होते, बाहेर रिक्षा आणि भिवंडीकडचे कंटेनर चालतच होते. मार्ग बांधून झाला, तरी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीशिवाय त्यावरून प्रवासी गाडी जात नाही. सॉफ्टवेअरमधली शाखा, म्हणजे ब्रँच, ही अशीच पत्र्याआडची जागा. बदल करणारा आपल्या प्रतीवर काम करतो, मग ‘हा बदल घ्यावा’ अशी विनंती पाठवतो. प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर तो वाचतात, चाचण्या लावतात, शंका विचारतात आणि पटला तरच मूळ प्रतीत घेतात. कित्येक प्रस्ताव दोन-तीनदा परत येतात, काही कायमचे नाकारले जातात.

या चित्रात एक उणीव राहते. सॉफ्टवेअरमध्ये असे पत्रे एकाच वेळी शंभर ठिकाणी ठोकलेले असतात. ते दाखवायला रेल्वेचा नकाशा बरा. ठाण्याहून निघालेले काही रूळ पारसिकच्या बोगद्यातून जातात, काही कळवा-मुंब्र्यावरून डोंगराला वळसा घालतात आणि दिव्याला सगळे पुन्हा शेजारी येतात. शाखा निघणे आणि मिळणे ते हेच. कल्याणला मात्र वाट फुटते. एक फाटा कसाऱ्याला, दुसरा कर्जतला. याला फोर्क म्हणतात. ओपनऑफिस ऑरेकल कंपनीच्या ताब्यात गेल्यावर त्यावर काम करणाऱ्यांपैकी अनेकांनी २०१० मध्ये तोच कोड घेऊन लिबरऑफिस हा वेगळा फाटा काढला. परवानगी कोणाकडे मागावी लागली नाही, कारण परवान्यातच ती होती.

नकाशावरच्या रेघांवर स्टेशनांसारखे ठिपके काढले की चित्र पुरे होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक नोंद, कमिट: बदल कोणी केला, केव्हा, कोणत्या ओळीत आणि कशासाठी. चूक सापडली तर मागच्या कोणत्याही स्टेशनावर परतता येते. ही नोंदवही ठेवणारे गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिले.

सुरक्षिततेबाबत गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. ‘कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो’ असे एक म्हणतो. ‘सगळ्यांना दिसतो म्हणून चूक राहूच शकत नाही’ असे दुसरा. २०१४ मध्ये उघडकीला आलेली हार्टब्लीड ही चूक ओपनएसएसएल या साधनाच्या खुल्या कोडमध्ये सुमारे दोन वर्षे पडून होती. दिसत सगळ्यांना होती, पाहिली कोणीच नव्हती. २०२४ मध्ये एक्सझेड या साधनात मात्र कोणीतरी मुद्दाम चोरवाट घातली, तीही बराच काळ इमानदारीने काम करून मेंटेनरचा विश्वास मिळवल्यावर. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त लागतो एवढेच खटकले; त्याने खोदत जाऊन ती पकडली. कोड उघडा नसता तर ते खोदणे फार अवघड गेले असते. पण त्या खटकण्यावर इतके अवलंबून राहावे लागले, हेही विसरू नये.

‘ओपन सोर्सला मालक नसतो’ हेही खरे नाही. स्वामित्वहक्क लेखकाकडेच राहतो, तो फक्त अटींसह परवानगी देतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट याचे डोळ्यांना दिसणारे उदाहरण. ते खुल्या फॉन्ट परवान्याखाली आहेत. शाळेने त्यांत वार्षिकांक छापावा, पुस्तक छापून विकावे, अक्षरांत बदलही करावा. निव्वळ फॉन्ट मात्र विकता येत नाही आणि बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो.

पवईच्या आयआयटी मुंबईतला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरायला शिकवतो. सुमारे दहा मिनिटांची चित्रफीत, पडद्यावर सॉफ्टवेअर चालताना दिसते आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. शिकणाऱ्याने ती थांबवत थांबवत शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचे. वापर शिकवायला ही पद्धत उत्तम. पण पडद्यावर तयार चौकोन दिसतो, त्यामागचे रूळ दिसत नाहीत. ते फळ्यावर काढावे लागतात.

उरतो तो ‘प्रोग्रामिंग येत नसेल तर इथे काही काम नाही’ हा समज. लिनक्सचा पेंग्विन १९९६ मध्ये लॅरी युइंग यांनी काढला, ते चित्रच होते. मराठी भाषांतराची फाइल तर कोणत्याही शिक्षकाला वाचता येते: एका ओळीत इंग्रजी शब्द, तिच्याखाली मराठी. समजा मुलांच्या चित्रकलेच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये ‘सेव्ह’ला ‘संचयित करा’ असे दिले आहे आणि तिसरीच्या मुलाला ते कळत नाही. शिक्षक ‘जतन करा’ सुचवतो. पडद्यावर जुनी ओळ वजाच्या चिन्हासह लाल दिसते, नवी अधिकच्या चिन्हासह हिरवी. वहीतल्या लाल शाईशी याचा संबंध नाही, लाल म्हणजे फक्त काढलेले. खाली मेंटेनरचा प्रश्न येतो: ‘जतन’ की ‘साठवा’? बाकीच्या मेन्यूत कोणता शब्द आहे? शिक्षक मेन्यू तपासून उत्तर देतो, प्रस्ताव मान्य होतो आणि नोंदवहीत त्याच्या नावाचा एक ठिपका पडतो.