गडावरची शांतता काहींना का सोसत नाही?

आषाढीला पंढरपूर गाठणं जमलं नाही की बीडकडची पुष्कळ माणसं नारायणगडावर येतात. धाकटी पंढरीच ती! 12 ऑक्टोबर 2024 ला, दसऱ्याच्या दिवशी, मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटलांच्या मेळाव्याला तर इथं माणसांचा पूर लोटला होता. आडदिवशी जा, गड निवांत असतो. अशा वेळी एकाचं मन निवतं. त्याच्यासोबतचा दुसरा मात्र दहा मिनिटांत चुळबुळू लागतो, "चला, इथं काही होतच नाही!" ‘याचं बूड कुठं टेकत नाही,’ असं घरचे ज्याच्याबद्दल म्हणतात, तोच हा.

मार्विन झुकरमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला असली माणसं प्रयोगशाळेत भेटली. अंधाऱ्या, आवाजबंद खोलीत माणसाला ठेवलं तर काय होतं, हे तो तपासत होता. असल्या खोलीत बसायला शांत स्वभावाचे लोक येतील, असं कुणालाही वाटेल. पण आपण होऊन आले ते नव्या अनुभवाला चटावलेले. झुकरमनने 1964 मध्ये या ओढीची मोजपट्टीच मांडली. साहसाची हौस आणि लवकर कंटाळणं या दोन्ही गोष्टी तो पुढे तिच्यात मोजू लागला. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की ही ओढ बऱ्याच अंशी जन्मजात असते.

निवांतपणाचं वावडं मात्र थोड्याफार प्रमाणात सगळ्यांनाच. 2014 चा एक प्रयोग मला फार आवडतो. माणसांना पंधरा मिनिटं एकटं बसवलं. जवळ फक्त विजेचा झटका देणारं बटण. हा झटका टाळायला पदरचे पैसे देऊ, असं आधी म्हणालेल्यांपैकीच 18 पुरुषांतल्या 12 जणांनी आणि 24 बायकांतल्या 6 जणींनी तो स्वतःला देऊन घेतला. एका पठ्ठ्याने तर 190 वेळा!

या ओढीमागचं मेंदूतलं एक रसायन म्हणजे डोपामिन. 2003 मध्ये माकडांवर झालेल्या प्रयोगात दिसलं की बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट पाहतानाची डोपामिन पेशींची हालचाल सर्वाधिक असते. खात्रीचं बक्षीस त्यामानाने अळणी. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटताना गर्दीचा श्वास का अडकतो, ते यावरून थोडं कळतं.

पण ‘ताण हवासा वाटतो’ हे वाक्य बीडमध्ये जपून उच्चारावं. मृग कोरडा जातो, पेरणी खोळंबते, तेव्हाही छाती धडधडते. ॲड्रेनलिन तेच, कॉर्टिसॉलही तेच. फरक इतकाच की शंकरपट आपण निवडतो आणि तो संपतो. दुष्काळ कुणी निवडलेला नसतो, आणि त्याची धडधड महिनोन्महिने थांबत नाही. तिथे रक्तदाब वाढतो, झोप उडते. याला थरार म्हणणं क्रूरपणा होईल.

थराराची ओढ विशीच्या आसपास सर्वांत जास्त असते, पुढे ओसरते. तेव्हा घरात असं पोरगं असेल, तर ‘गप बस’ म्हणून ते बसणार नाही. रात्रीच्या रस्त्यावर मोटारसायकल पळवायच्या आत त्याला तालमीत नाहीतर कबड्डीच्या मैदानावर नेऊन सोडा.