खाडी रिकामी झाली की निघा!

खाडीत मासे कुठे असतील हे शोधायचं असेल, तर कधी जायचं? पाणी तुडुंब भरलेलं असताना? छे! पाणी ओसरल्यावर जायचं. जितकं कमी पाणी, तितकं चांगलं. मासा त्या वेळी तिथे नसेल, पण तो कुठे लपतो, कुठून येतो-जातो आणि काय खातो, हे सगळं तेव्हा उघडं पडलेलं असतं. भरतीला खाडी वरून सगळीकडे सारखीच दिसते. पोटात कुठे डोह आहे आणि कुठे नुसता गुडघाभर चिखल, याचा पत्ता ती लागू देत नाही. ओहोटीला मात्र ती आपला तळच दाखवते.

या पाहणीसाठी सगळ्यात छान वाहन म्हणजे कयाक. एका-दोघांची चिंचोळी, हलकी होडी. हातात एकच वल्हं, पण त्याच्या दोन्ही टोकांना पातं. ही होडी मूळची बर्फाळ उत्तर ध्रुवाकडची. तिथले इन्युइट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवत आणि तिच्यातून शिकारीला जात. आता त्या प्लॅस्टिकच्याही मिळतात, आणि गोव्यात, मालवणच्या बाजूलाही दिसू लागल्या आहेत. कयाकला वीतभर पाणी पुरतं. इंजिन नाही, म्हणून धडधड नाही. मोठी होडी जिथे गाळात रुतून बसेल, त्या कांदळवनातल्या अरुंद फाट्यात कयाक अलगद शिरते.

चला तर, कोकणातल्या एखाद्या खाडीत शिरू. आचऱ्याची म्हणा, किंवा तुमच्या मामाच्या गावची. दोन्ही काठांना कांदळवन आहे. मोठ्या माणसाच्या पायांसारखी वाकडी मुळं पाण्यात रोवून उभा आहे तो कांदळ. चिखलातून पेन्सिली उगवल्यासारख्या दिसतात ती तिवराची मुळं. तिवर त्यांतून श्वास घेतो, कारण चिखलात हवा फारच कमी. आणि चिप्पीही असेल. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, 2020 साली तसं जाहीर झालं.

आता मुळांकडे नीट बघा. एका ठरावीक उंचीपर्यंत त्यांना कालवं चिकटलेली आहेत, त्याच्या वर एकही नाही. कालवांना रोज काही तास पाण्याखाली राहावंच लागतं, नाहीतर ती जगत नाहीत. म्हणजे कालवांच्या वरच्या कडेपर्यंत पाणी नेहमी येतंच. खाडीने स्वतःच झाडावर पट्टी मारून ठेवली आहे! त्या कडेपासून खाली चिखलापर्यंतचं अंतर नजरेने मोजा. भरतीला इथे निदान किती खोल पाणी असणार, याचा अंदाज मिळाला.

मग चिखल बघा. त्यावर उड्या मारणारा, डोळे डोक्यावर असलेला तो निवटी. हा मासा ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून पाण्याबाहेर मजेत फिरतो. बारीक भोकं दिसली तर ती बहुधा खेकड्यांची बिळं. ताटाएवढे गोल, उथळ खळगे दिसले तर खूश व्हा, तिथे पाकट जेवून गेली आहे. पाकट हा पंख्यासारखा चपटा मासा. चिखलातले शिंपले-किडे काढायला ती तळ उकरते आणि मागे खळगा राहतो. जिथे एवढं खाणं आहे, तिथे भरतीबरोबर पाहुणे येणारच. बोय येईल, काळुंदर येईल, कोळंबी येईल आणि त्यांच्या मागावर मोठे शिकारीही.

यानंतर खाडीची वळणं. मला खाडीतली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. घरी एक प्रयोग करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, थोडी चहापूड टाका आणि ती तळाला बसली की चमच्याने पाणी गोल ढवळून सोडून द्या. चहापूड कुठे गोळा होते? वाटतं की बाहेर, कडेला फेकली जाईल. पण नाही, ती तळाच्या मधोमध जमते! फिरणारं पाणी बाहेर ढकललं जातं, त्यामुळे कडेला ते किंचित उंच चढतं आणि तिथला दाब वाढतो. तळाशी मात्र पेल्याला घासून पाणी मंदावलेलं असतं. त्याला त्या दाबापुढे टिकता येत नाही. ते आत ढकललं जातं आणि पूड सोबत नेतं. वळणाऱ्या नद्यांचं कोडं याच चहापुडीने उलगडतं, हे दाखवणारा लेख 1926 साली एका शास्त्रज्ञाने लिहिला. त्याचं नाव अल्बर्ट आइन्स्टाइन!

खाडीच्या वळणावर हेच चालतं. वरचं जोरदार पाणी बाहेरच्या काठावर आदळतं आणि तो खणतं. तळाचं पाणी गाळ उचलून आतल्या काठाला नेऊन टाकतं. म्हणून बाहेरचा काठ खोल आणि उभा, आतला काठ उथळ आणि पसरट. खाडीतलं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं, तरी वळणाची बाहेरची बाजू तीच राहते. म्हणून तिथला डोह टिकून असतो. पाणी ओसरत चाललं की मोठे मासे अशा डोहांत उतरतात.

कांदळवनातून छोटे फाटे निघून मोठ्या खाडीला मिळतात, ती तोंडंही टिपून ठेवा. भरतीला छोटी पिल्लं मुळांच्या जाळीत शिरतात. तिथे मोठ्या माशांना घुसता येत नाही. पण ओहोटी लागली की पाणी निघतं आणि पिल्लांनाही निघावंच लागतं. सगळी गर्दी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडते. आणि तोंडाशी, एखाद्या पडलेल्या खोडाच्या आडोशाला, कोण उभं असतं? जिताडा!

जिताड्याचं नाव काढलं की अलिबाग-पेणच्या लोकांचे डोळे चमकतात. जिताड्याचे डोळेही चमकतात बरं का. रात्री विजेरीचा उजेड पडला की ते निखाऱ्यासारखे लाल दिसतात. जिताडा पाठलाग करत धावत सुटणाऱ्यांतला नाही. तो दबा धरतो. भक्ष्य जवळ आलं की तोंड इतक्या झटक्यात उघडतो की पाण्यासकट ते आत ओढलं जातं. कधी कधी त्याचा ‘टॉप्’ असा आवाज वरही ऐकू येतो. आणि सगळ्यात अजब गोष्ट म्हणजे बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी, अंगाने मोठे झाले की मादी होतात! म्हणजे खूप मोठा जिताडा दिसला तर ती बहुधा जिताडीण असते, पुढच्या लाखो अंड्यांची आई. अशी गळाला लागली तर तिला पाण्यात परत सोडावं, असं मला मनापासून वाटतं.

आता कान वापरू. वल्हं थांबवा. वल्ह्याचं एक टोक पाण्यात बुडवा आणि दांडा कानाच्या मागच्या हाडाला टेकवा. चट् चट् चट् असं काही ऐकू येतंय? ही कदाचित चुटकी वाजवणारी छोटी कोळंबी. तिचा एक पंजा फार मोठा असतो. तो ती इतक्या जोरात मिटते की पाण्यात एक बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्याचा धक्का बसून भक्ष्य बधिर होतं. बुडबुडा फुटताना क्षणभर उजेडही पडतो, पण तो आपल्या डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक. शास्त्रज्ञांना तो 2001 साली सापडला. ही कोळंबी खडक, कालवं, शिंपल्यांचा खच अशा जागी बिळं करते. म्हणून आवाज वाढला तर खाली नुसता गाळ नसून काहीतरी टणक असण्याची शक्यता मोठी. आणि टणक जागेच्या कपारींत तांबोशी नावाचा मासा राहतो.

आपण त्यांचं ऐकतो, तसे मासेही आपलं ऐकतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ असते, तिने त्याला पाण्याची हालचाल जाणवते. वल्हं कयाकवर आपटलं की फाट्यात सगळ्यांना बातमी पोचली म्हणून समजा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिना राज्यांत, कयाकमधून मासे शोधणारे खूप लोक आहेत. तिथे कांदळवन नाही, मैलोन्‌मैल खारं गवत आहे. उधाणाची, म्हणजे सगळ्यात मोठी भरती आली की पाणी गवतात शिरतं आणि त्यासोबत ‘रेडफिश’ नावाचा तांबूस मासा. शेपटीजवळ त्याला काळा ठिपका असतो. गवतातले खेकडे शोधताना तो डोकं चिखलात खुपसतो. पाणी उथळ, त्यामुळे शेपूट पाण्याबाहेर हलत राहते. कयाकवाले गवतावर डुलणाऱ्या शेपट्या शोधत हळूहळू पुढे सरकतात!

आपल्याकडे शेपटीपेक्षा पक्षी जास्त मदत करतात. खंड्या ज्या फांदीवर रोज बसतो, तिच्याखाली पांढरे डाग पडलेले असतात. डाग जुने आणि दाट असतील, तर खाली लहान मासे नेहमी येत असणार. बगळा पाय न हलवता उभा असेल तर तिथलं पाणी त्याच्या पायांपेक्षा कमी. पाणकावळा बुडी मारून बराच वेळ वर आला नाही, तर तिथे बहुधा खोली आहे.

एवढं सगळं सापडलं, पण भरतीला ते पुन्हा ओळखायचं कसं? आपले कोळी होकायंत्र नसतानाही समुद्रात हे करत आले आहेत. खुणा धरायच्या. काठावरचं एक माडाचं झाड आणि त्याच्या मागचा देवळाचा कळस एका रेषेत दिसतील, अशी एक दिशा. दुसऱ्या बाजूला एक मोठा खडक आणि मागची डोंगराची खिंड एका रेषेत, ही दुसरी दिशा. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच आपला डोह! भूमितीच्या तासाला दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात हे शिकताना याची आठवण ठेवा. खुणा मात्र वहीत लिहा. आणि एक चित्रही काढा, मोबाइलमधल्या उपग्रहाच्या नकाशावरून केलं तरी चालेल. फक्त हे लक्षात घ्या की उपग्रहाने फोटो काढला तेव्हा भरती होती की ओहोटी, यावर त्यातला काठ अवलंबून असतो.

आणि ओहोटी कधी आहे हे कसं कळणार? कॅलेंडरवरची तिथी बघून! अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन ओढतात, म्हणून तेव्हा उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला त्यांची ओढ एकमेकींना काटकोनात असते, म्हणून पाणी कमी चढतं, कमी उतरतं. याला म्हणतात भांग. तळ बघायचा तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी उत्तम, कारण जितकं पाणी चढतं तितकंच ते खाली उतरतं. मुंबईकडे पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती साधारण बाराच्या सुमाराला, दुपारी आणि मध्यरात्री येते. मग ती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा. म्हणून किनाऱ्यावरचा सोपा हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणून तीनच्या आसपास भरती. त्यानंतर सहा तासांहून थोडं जास्त गेलं की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. गावागणिक वेळ थोडी पुढे-मागे होते.

गोव्यात तर भरती-ओहोटीवर चालणारी दारंच आहेत. खाडीकाठच्या सखल शेतांना तिथे खाजण म्हणतात. त्यांच्या बांधात ‘मानस’ असते. तिची लाकडी दारं भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, म्हणून खारं पाणी शेतात घुसत नाही. ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. त्या लोंढ्यासोबत मासळी येते. आपल्याला ही जागा छान वाटेल, पण तिथे मासे धरायचा हक्क बहुतेक वेळा कुणाला तरी दिलेला असतो. आधी गावात विचारा. आणि मांडवी-झुआरी नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात पाण्यात हात घालून बसू नका. तिथे खऱ्याखुऱ्या मगरी राहतात!

एकट्याने मात्र कधीच जायचं नाही. सोबत खाडी ओळखणारं मोठं माणूस आणि अंगात लाइफ जॅकेट हवंच. चिखल भुसभुशीत दिसला तर उतरू नका, कंबरेपर्यंत रुतायला होतं. आणि ओहोटीच्या जोराने कयाक खाडीच्या मुखाकडे, समुद्रात ओढली जाते, म्हणून मुखाजवळ जायचंच नाही.

आता तुमचं काम. समजा या रविवारी पंचमी आहे. भरती किती वाजता? सुकती किती वाजता? पाहणीला किती वाजता होडीत बसाल, आणि पाणी कयाकला आत नेऊ लागेल ते कधीपासून? वहीत उत्तर लिहा, आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या आजोबांना विचारून ताडून बघा.