पिवळी रेघ

"जा रे, दुकानावरून तंबाखूची पुडी घेऊन ये," ही आज्ञा नांदेड-लातूरकडील खेड्यापाड्यांत कानी न पडलेला मुलगा विरळाच. वडिलांचा शब्द म्हणून तो धावत जातो. पुडी हाताळता हाताळता तिचा वास त्याच्या ओळखीचा होतो, आणि एके दिवशी चिमूटभर तंबाखू त्याच्याही ओठाआड जाते. व्यसन शत्रूचा वेष घेऊन येत नाही; घरचे काम म्हणून येते.

तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. ते मेंदूस क्षणभर तरतरी देते. ती ओसरताच जीव पुन्हा तिच्यासाठी तळमळतो. या तळमळीलाच आपण सवय म्हणतो. कित्येक आजीबाई दात घासण्यास मिसरी लावतात. परंतु मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. मुखाच्या कर्करोगास विडी, गुटखा व मिसरी ही सारीच कारणीभूत होतात.

सरकार याविषयी उदासीन नाही. २००३ सालच्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांस तंबाखू विकणे, तसेच शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत ती विकणे निषिद्ध ठरविले. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. सरकारी पाहणीनुसार राज्यातील प्रौढांमध्ये तंबाखू सेवन करणाऱ्यांचे प्रमाण २००९-१० साली शेकडा ३१.४ होते; ते २०१६-१७ साली २६.६ वर आले. तथापि चौघांत एकाहून अधिक, हे प्रमाण काही थोडे नव्हे.

कायदा रेघ ओढतो. तिची राखण मात्र लोकांनीच करावयाची असते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शासनाच्या साहाय्याने २०१६ साली 'मुक्तिपथ' हे कार्य आरंभिले. दारू व तंबाखू यांना आपल्या गावी थारा द्यावयाचा नाही, हे तेथे गावकऱ्यांनीच सभा भरवून ठरवावे, अशी योजना आहे. स्त्रिया त्यात पुढाकार घेतात, कारण व्यसनाची झळ प्रथम चुलीस लागते.

आपणांसही हे अशक्य नाही. शाळेपासून १०० यार्डांवर रस्त्यावर पिवळी रेघ आखावी, असे केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्त शाळांविषयीच्या सूचनांत सांगितले आहे. शिक्षक, पालक व विद्यार्थी यांनी मिळून दोरीने अंतर मोजावे आणि ती रेघ आखावी. आतील दुकानदारास दटावू नये. त्यालाही पोट आहे. वह्या, पेन्सिली, शेंगदाण्याची चिक्की विकूनही दुकान चालते, हे त्यास गोडीने पटवावे. ग्रामसभेत तसा ठराव करून घ्यावा. ज्यांस व्यसन सोडावयाचे आहे, त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहे.

पालकहो, आपणांस एकच विनंती. आपली सवय आजच सुटेल असे नाही. परंतु पुडी आणण्यास मुलास धाडणे आजच थांबविता येईल. रस्त्यावरील रेघ शाळा आखील. घराच्या उंबरठ्यावरची रेघ आपणच आखावयाची आहे.