चाळीसची सुई, शंभरचं औषध

मेडिसिन वॉर्डात रात्रीचं जेवण यायच्या अर्धा तास आधी इन्सुलिनचा राउंड सुरू होतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनी सोबत असतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे त्यांना तोंडपाठ असतं. मी त्यांच्या हातात आधी सिरिंज देते आणि विचारते, यावर काय छापलंय?

आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा एका मिलीला ४० युनिटची असते. तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये मात्र एका मिलीत १०० युनिट असतात आणि १०० च्या सिरिंजचं टोपण नारिंगी असतं. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अर्धा मिली येतं, म्हणजे ५० युनिट. डोळ्यांना रेघ २० चीच दिसते. उलट केलं, म्हणजे बाटलीतलं औषध १०० च्या सिरिंजने घेतलं, तर त्याच रेघेला जेमतेम ८ युनिट पोचतात. म्हणून टोपणाच्या रंगावर न जाता दोन्हींवरचा आकडा वाचायचा, तोही मोठ्याने, दुसऱ्या सिस्टरसमोर.

ऑर्डरही नीट वाचावी लागते. १० च्या पुढे घाईत काढलेला इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा, असा आग्रह मी डॉक्टरांकडेही धरते.

‘तुम्हीच पाटील ना?’ असं विचारू नये. गुंगीतला माणूस कशालाही मान हलवतो. ‘बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हणायचं आणि ते केसपेपरशी ताडून पाहायचं.

एका आजोबांचं इंजेक्शन भरून झालं होतं. सवयीने विचारलं, ‘जेवणार ना?’ आजी म्हणाल्या, ‘सकाळपासून दोन घाससुद्धा गेले नाहीत हो, सिस्टर.’ सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस कमी केला आणि रात्री साखर पुन्हा तपासायला सांगितली. साधं रेग्युलर इन्सुलिन कातडीखाली दिल्यावर अर्ध्या तासात काम करू लागतं, दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि सहा-आठ तास परिणाम राहतो. म्हणजे हा जोर नेमका वॉर्डातले दिवे मालवल्यावर येतो. उपाशी माणूस तेव्हा घामाने भिजला, बरळू लागला, तरी शेजारच्याला तो झोपेतच वाटतो. साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ग्लुकोज शिरेतूनच.

माझ्या मते इन्सुलिनचं निम्मं काम सुई टोचल्यानंतर सुरू होतं. चार्टवर सही डोस दिल्यावरच करायची, आधी नाही, हे त्यातलंच.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी औषधावरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दुकानातच पाहून घ्यावं. आणि दवाखान्यात सिस्टरने तिसऱ्यांदा नाव विचारलं, तर न चिडता तिसऱ्यांदा सांगावं.