वेग घेताना गाडी का फुसफुसते?

कापसाचा हंगाम सुरू झाला की जैनथ परिसरातील पिकअप आणि जीपगाड्यांवरचा ताण वाढतो. बेला-जैनथ रस्त्याने आलेले वाहन भोरज येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर चढते, चालक आदिलाबादच्या दिशेने वेग घेऊ लागतो आणि नेमक्या त्याच क्षणी बोनेटखालून हवा निसटल्यासारखा 'स्स्स' असा आवाज येतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच तो थांबतो. गाडी गॅरेजमध्ये नेऊन उभी केली, तर आवाज येतच नाही. अशा वेळी 'टर्बो गेला' असा निष्कर्ष घाईने काढला जातो. टर्बो बदलण्याचा खर्च हंगामाच्या कमाईला खिंडार पाडणारा असतो. दोष मात्र अनेकदा एखाद्या नळीच्या सैल क्लॅम्पमध्ये दडलेला असतो.

गॅरेजमध्ये आवाज का येत नाही, हे समजले की अर्धे निदान होते. आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत टर्बोचार्जर असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्याचे चाक मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि आत येणारी हवा दाबते. दाबल्याने तापलेली ही हवा इंटरकूलरमध्ये थंड होऊन इंजिनात जाते. या वाटेवर रबरी नळ्या आणि त्यांचे सांधे असतात. भार असताना त्यांतील दाब बाहेरील हवेपेक्षा एक बार किंवा त्याहून अधिक होतो आणि बारीकशी चीरही फुसफुसू लागते. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये इंजिन कितीही घुमवले तरी भार नसल्याने तेवढा दाब तयारच होत नाही.

टर्बोची बारीक शीळ काही प्रमाणात स्वाभाविक असते. परंतु फुसफुशीबरोबर पिकअप कमी झाला, काळा धूर येऊ लागला आणि ॲव्हरेज घटले, तर हवा गळत आहे असे समजावे. डिझेल तेवढेच पडते, पण ते जाळायला हवा पुरत नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत ही काजळी धुराच्या गाळणीत साचते. गाळणी तुंबली की स्वस्तातला बिघाड महागात जातो.

टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत गणित उलटे असते. तेथे इंजिन मंद चालताना आतील नळ्यांत निर्वात असतो आणि फट असल्यास बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून अशी फुसफुस गाडी उभी असताना स्पष्ट ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर कमी होते. ब्रेक दाबताना फुसफुस होऊन पेडल जड लागत असेल, तर दोष ब्रेकच्या बूस्टरमध्ये किंवा त्याच्या नळीत असू शकतो. अशी गाडी रस्त्यावर आणूच नये.

टर्बोच्या नळ्या तपासताना आधी डोळे वापरावेत. नळ्यांत तेलाचा पातळ थर असतोच. जेथून हवा गळते तेथे तो बाहेर येतो आणि त्यावर धूळ चिकटून काळपट ओला डाग दिसतो. नळ्यांची खालची बाजू हाताने चाचपावी, अर्थात इंजिन बंद आणि थंड असताना. शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली नळीही आढळते. डाग सापडला नाही, तर इंजिन बंद ठेवून हवेच्या वाटेत एक बारच्या आत दाबाची हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे गळती. टायरच्या दुकानातील कॉम्प्रेसर याहून कितीतरी अधिक दाब देतो, त्यामुळे रेग्युलेटर नसेल तर हा प्रयोग करू नये. चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधण्याची पद्धत तर आगीलाच आमंत्रण आहे.

क्लॅम्प सैल असेल तर नळी काढून, तेल पुसून पुन्हा बसवावी. तेलकट नळी दाबाखाली निसटते. क्लॅम्प अति आवळल्यास रबर कापले जाते. फाटलेल्या नळीवर गुंडाळलेली टेप उष्णतेत आणि दाबात टिकत नाही, नळी बदलणेच योग्य. फट एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मध्ये असेल तर एक दिवसही थांबू नये. तेथून काळ्या मातीची धूळ गाळली न जाता थेट टर्बोच्या पात्यांवर जाते आणि मग तो खरोखरच बदलावा लागतो.

एक शक्यता मात्र जिवावरची आहे. आवाज थंड इंजिनात मोठा आणि गरम झाल्यावर कमी होत असेल, सांध्यापाशी काजळीचा काळा पट्टा दिसत असेल, तर धुराच्या मार्गातील गॅस्केट फुटलेले असू शकते. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो केबिनमध्ये शिरू शकतो. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवणे टाळावे. इंजिन चालू ठेवून आत झोपणे तर घातकच. बाजार समितीबाहेर रात्रभर रांगेत थांबणाऱ्या चालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

दुरुस्तीनंतरची चाचणी रिकाम्या गाडीने घेऊ नये. मिस्त्रीला शेजारी बसवून, माल भरलेल्या गाडीने चढावर तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन पाहावा आणि त्यानंतरच पैसे द्यावेत.