जुना लॅपटॉप घेताना बायोसचे कुलूप पाहा

मुलांच्या शिक्षणासाठी अनेक घरांत जुना लॅपटॉप घेतात. विंडोज सुरू झाली की आपण पैसे मोजतो. पण आत आणखी एक कुलूप असू शकते: बायोसचा पासवर्ड. रोजच्या कामात तो जाणवतही नाही. पुढे विंडोज बिघडली, पेन ड्राइव्हवरून नव्याने टाकायची वेळ आली, की गाडी तिथेच अडते.

डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा गोल सेल थोडा वेळ काढून ठेवला की हा पासवर्ड बहुधा पुसला जातो. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तसे होत नाही. तो विजेशिवायही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. हार्ड डिस्क बदलूनही उपयोग नाही. डेलच्या अनेक मॉडेलांसाठी मालकीची खात्री पटल्यावर कंपनी कोड देते. लेनोवो थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड हरवला, तर कंपनी मदरबोर्डच बदलायला सांगते.

म्हणून पैसे देण्याआधी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा आणि लगेच डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१ दाबा. पासवर्ड विचारला, तर तो विकणाऱ्याकडूनच समोर काढून घ्या. नावाची पक्की पावती घ्या आणि जपून ठेवा; उद्या मालकीचा पुरावा तीच.